क्लचवरचा ठोकळा

प्रिय दाजी,

नमस्कार. तिकडं तब्येत बरी असेल असं धरून चालतो. तिकडं आता आणखी काय बिघडणार?

संदीपचा पुण्याहून फोन आला होता. म्हणाला, मामा, पप्पांच्या वर्षश्राद्धाचा बॅनर छापायचाय, दोन ओळी लिहून द्या. कागद घेऊन दुकानात बसलो. समोर जळालेल्या मोटारी वाइंडिंगसाठी पडलेल्या आणि मी लिहितोय, ‘आपली उणीव सदैव भासत राहील’. लिहिलं, वाचलं, खोडलं. तुम्ही तो बॅनर बघितला असता तर नळदुर्गच्या चौकात थांबून मलाच विचारलं असतं, कोण गेलं रे एवढं मोठं माणूस?

शिवाय तुम्हाला एक बातमी द्यायचीय, ती बॅनरवर मावत नाही. जीप सुरू झाली. परवा, रविवारी. डिझेलवर! तुम्ही म्हणत होतात तसंच झालं आणि मी म्हणत होतो ते चुकलं. तुम्ही असताना हे मी मेलो तरी कबूल केलं नसतं. आता हरकत नाही, कारण तुम्ही चारचौघांत सांगत फिरणार नाही.

पहिल्यापासून लिहितो. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण हे पत्र संदीपही वाचेल. तो होस्टेलवर वाढलेला, त्याला निम्मं ठाऊक नाही.

सरकारी लिलावातली ती जुनी पेट्रोल जीप आपण दोघांत घेतली. तुम्ही नळदुर्गचे, मी अणदूरचा, मधे हायवेचा एक तुकडा. जीप ठेवायची कुणाकडं? आपल्याकडं खंडोबा दोन गावांचा. वर्षातला बराच काळ तो अणदूरला असतो, थंडीत थोडे दिवस नळदुर्गला मुक्कामाला जातो. तुम्ही म्हणालात, देव अणदूरला असला की जीप नळदुर्गला, आणि देव नळदुर्गला आला की जीप अणदूरला. एका गावाला देव, एका गावाला जीप, कुणाचं अंगण रिकामं नको. मला ते इतकं पटलं की मी देवळाकडं तोंड करून हात जोडले. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, अहो, पण देव आपल्याकडंच जास्त असतो ना?

तवर तुम्ही जीप घेऊन घरी पोचला होतात.

बरं, माझी पाळी यायची ती ऐन थंडीत. आणि तुमच्या त्या जीपला थंडीतच सुरू व्हायचं नसायचं. सेल्फ कधीच मेलेला. पुढून हॅन्डल घालायचं, मारायचं, परत मारायचं. एखाद्या वेळी हॅन्डल उलटं फिरलं की मनगट सुजायचं. अणदूरची माणसं अंगावर शाल घेऊन बघायला उभी राहायची. एकजण म्हणाला होता, दत्ता, आंघोळ करून जीप सुरू करतोस का जीप सुरू करून आंघोळ? तुम्ही मात्र उन्हाळ्यात मजेत हिंडायचात.

आणि तो ठोकळा! जीपच्या क्लचवर तुम्ही बाभळीचा एक ठोकळा पट्टीनं आवळून बसवला होता, पाय पोचावा म्हणून. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी हसून हसून खाली बसलो. तुमच्या उंचीवर माझा डोळा लग्नापासूनच होता. अंतरपाट धरला तेव्हा आमच्या बाजूनं फक्त तुमचा फेटा दिसत होता. अक्का तर तुमच्याहून ठेंगणी, पण तिला मी लहानपणीच चिडवून चिडवून रडवलेलं, त्यापायी आमच्या वडिलांचा, आबांचा, मार खाल्लेला. मग ते चिडवायचं दुकान बंद झालं. तुम्ही जावई होऊन आलात आणि माझी सोय झाली.

काय काय बोललो मी त्या ठोकळ्यावरनं! पाहुण्यांत, लग्नात, अगदी तुमच्या साहेब झालेल्या चुलतभावासमोर. दाजी जीप चालवत नाहीत, जीपवर चढतात, असं म्हणायचो. तुम्ही हसायचात. म्हणायचात, काय करता, देवानं पाय आखूड दिले. एकदाही चिडला नाहीत. मला वाटायचं, माणूस दिलदार आहे.

एक मात्र मला खटकायचं. तो ठोकळा एवढा जाड होता की क्लच दाबून पाय वर घेताना तुमचा गुडघा स्टिअरिंगला लागायचा. मी कैकदा म्हणालो, दाजी, तासून पातळ करा, वाकडं बसावं लागतंय तुम्हाला. तुम्ही म्हणायचात, राहू दे, सवय झालीय. माझ्या पाळीला मी पान्यानं ठोकळा काढून ठेवायचो आणि जीप परत करताना बसवून द्यायचो. तुम्ही टायर बघायचा नाहीत, पेट्रोल बघायचा नाहीत. आधी खाली वाकून ठोकळा हलवून बघायचात. ढिला असला तर माझ्याकडून आवळून घ्यायचात.

डिझेलचं खूळ तुमच्या डोक्यात गिरणीमुळं शिरलं. तुमच्या पिठाच्या गिरणीचं जुनं डिझेल इंजिन कसं जन्मात कधी रुसलं नाही, हे तुम्ही मला हजारदा ऐकवलंय. मग एक दिवस भंगारात निघालेल्या काळी-पिवळीचं इंजिन घेऊन आलात. तुळजापूर-जळकोट फेऱ्या मारणारी ती गाडी, तिच्या पाठीमागं लटकून मी कॉलेजला गेलोय. मी तुम्हाला सांगितलं, जीपला तिचंच इंजिन शोभतं. तुम्ही म्हणालात, शोभायला काय, वरात काढायचीय का तिची? आपलं त्यावरनं चांगलंच वाजलं. मी महिनाभर तुमच्या शेतातल्या वस्तीवर आलो नाही. तुम्हीही बोलावलं नाहीत, नुसता अक्काबरोबर हुरडा पाठवून दिलात.

जळकोटच्या रशीदभाईंच्या गॅरेजात तुम्ही ते इंजिन पूर्ण खोललंत. बोअर करून घेतलं, पिस्टन नवे, बेअरिंग नवे, आणि शेजारी स्टूल टाकून बसून बांधून घेतलंत. रशीदभाई अजून सांगतात, दाजी बोलायचे कमी आणि मी बोलायचो जास्त, म्हणून काम लवकर झालं. ते जास्त बोलतात हे खरं आहे. दिवाळीत वस्तीच्या शेडमध्ये तुम्ही जीपचं जुनं पेट्रोल इंजिन उतरवलंत. भाऊबीजेला मी आलो तेव्हा बॉनेट उघडं, आत नुसती पोकळी. मी तोंड वाकडं केलं. तुम्ही म्हणालात, तुझ्या पाळीच्या आत नवीन इंजिन घालून देतो, मग किल्ली फिरव आणि जा.

मग चार दिवसांनी ओट्यावर चहा पिता पिता तुम्ही गेलात. कप तसाच हातात, सांडलासुद्धा नाही म्हणे. असं कुणी जातं का, दाजी? जीप उघडी टाकून?

त्या थंडीत माझी पाळी आली आणि न्यायला काही नव्हतं. देव नळदुर्गला गेला, परत अणदूरला आला. जीप शेडमध्येच. कोंबड्या आत अंडी घालायला लागल्या.

संदीपचं म्हणणं वावगं नव्हतं. वस्ती हायवेपासून आत, एसटी फाट्यावरच थांबते, रिक्षावाला पावसात आत येत नाही. आई एकटी. तो म्हणाला, पुण्याला चल. जुन्या जीपा जमवणारा कुणी हौशी माणूसही त्यानं शोधला होता. तो जीप घ्यायला तयार होता, पण पहिलं पेट्रोल इंजिन परत बसवून पाहिजे होतं. खरं सांगतो, मला ते पटलं होतं. जीपला तिचं इंजिन मिळालं असतं आणि अक्काला सोबत.

अक्का पाटावर बसून शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, “ह्यांनी काढलंय ते कुणी परत घालायचं न्हाय. जे घालणार होते ते घाला. वर्षश्राद्धाच्या आत जीप चालू झाली तर मी इथं राहते. न्हाय झाली तर पुण्याला येते, काय बोलणार न्हाय.”

संदीप कबूल झाला. गाडीच्या सरकारी कागदावर इंजिन बदलून घ्यायची धावपळही त्यानंच केली, तेवढं त्याला मानलं पाहिजे. मी विचारलं, अक्का, जीप चालू झाली तरी चालवणार कोण? ती म्हणाली, बघू. मला वाटलं, मलाच हाका मारणार. अणदूरहून रोज यायला लागणार म्हणून मी मनातल्या मनात जरा कुरकुरलोसुद्धा.

जीप ओढून जळकोटला नेली. आणि तुमच्या त्या लाडक्या इंजिनानं काय छळलं म्हणून सांगू! खाली बसवावं तर त्याचं तेलाचं पात्र पुढच्या आखाला टेकतंय. वर उचलावं तर बॉनेट लागत नाही. रशीदभाईंनी इंजिन धरणाऱ्या फौंडेशनच्या पट्ट्या तीनदा कापल्या, तीनदा वेल्डिंग केल्या. मागं ताकद नेणारा शाफ्ट आखूड करायचा होता, तो जरा जास्तच आखूड कापला गेला. त्यावर त्यांनी अर्धा दिवस वेल्डरला शिव्या घातल्या. वेल्डर म्हणाला, माप तुम्हीच दिलं होतं. मग दोघांनी चहा घेतला आणि दुसरा शाफ्ट आणला. डिझेलचं वजन जास्त, जीप तोंडावर वाकायला लागली म्हणून पुढच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवला. क्लचचं पायडलही काळी-पिवळीचंच घातलं. तेवढ्यात पावसाळा गेला.

आणि मग ते ‘बसलं’ प्रकरण झालं.

मी एका विहिरीवर होतो, मोटार वर काढत होतो, फोन कपड्यांत. रशीदभाईंनी मला लावला, मी उचलला नाही, म्हणून अक्काला लावला. म्हणाले, ताई, इंजिन बसलं. आणि ठेवला. एरवी एवढं बोलणारा माणूस, नेमका त्या दिवशी त्याला वेळ नव्हता!

संध्याकाळी मी वस्तीवर गेलो तर अक्कानं माळ्यावरची बॅग खाली काढलेली. लुगडी घडी करून आत. तोंडावर काही नाही, रोजच्यासारखी. म्हणाली, इंजिन बसलं म्हणे. बस, दत्ता, चहा टाकते. बांधलेलं, नवं पिस्टन घातलेलं इंजिन चालायच्या आधीच बसतं? तुमची एवढी मेहनत! तुमचा राग आला, रशीदभाईंचा आला, माझा आला. अक्का म्हणत होती, जाऊ दे, आता कुणाला काय बोलू नकोस. मी ऐकलं नाही. मोटारसायकल काढली आणि थेट जळकोट गाठलं. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं पाठ केलं.

गॅरेजच्या दारात रशीदभाई हातात पेढ्याचा पुडा घेऊन उभे. मी तोंड उघडायच्या आत पेढा पुढं केला. मी म्हणालो, पेढे कसले वाटताय, इंजिन बसलं ना? ते म्हणाले, “व्हय, बसलं म्हंजे बसलं की, दत्ताभाऊ! जाग्यावर बसलं. बॉनेट बी लागलं, बघा.”

दाजी, आख्ख्या मराठवाड्यात ‘इंजिन बसलं’ म्हणजे मेलं. ह्या एका माणसाच्या तोंडी ते नीट जागेवर बसलं! मी पेढा खाल्ला, आणि गॅरेजमधनंच अक्काला फोन केला. ती म्हणाली, लुगडी परत काढते.

रविवारी सुरू केली. आधी नुसतं घरघर, कारण डिझेलच्या नळीत हवा धरली होती. पंप मारून हवा काढली, परत किल्ली फिरवली, आणि काळ्या धुराचा एक लोट सोडून सुरू झाली. आवाज तोच, काळी-पिवळीचा. हायवेवरचा एक म्हातारा हात करून थांबला, म्हणाला तुळजापूर का? मग आम्ही किल्ली बंद केली, तरी इंजिन चालूच! डिझेल बंद करायची तार जोडायचीच राहिली होती. रशीदभाईंनी आत हात घालून ते बंद केलं आणि म्हणाले, बघा, थांबायचं नाव घेत न्हाय, असं बांधलंय.

तार जोडून मी जीप वस्तीवर आणली. तुमच्या शेडसमोर उभी केली, हॉर्न दिला. अक्का बाहेर आली. जीपभोवती एक फेरी मारली, आत वाकून पायडलं बघितली आणि म्हणाली, उतर. मग घरात गेली. स्वयंपाकघराचं दार आपोआप लागल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा हातात तो ठोकळा होता, पट्टी आणि नटांसकट. दार उघडं राहावं म्हणून वर्षभर त्याला तोच लावला होता.

“हा बसव,” ती म्हणाली.

मी हसलो. सवयच ती. म्हणालो, अक्का, आता कुणासाठी बसवायचा? माझे पाय पोचतात. मी बसवेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग पदर खोचला, दांडीला धरून वर चढली, ड्रायव्हरच्या जागी बसली आणि क्लच दाबला.

ठोकळ्यावर तिचा पाय बरोबर बसला, दाजी. गुडघा स्टिअरिंगच्या खाली, कुठं लागणं नाही, वाकणं नाही. तिनं किल्ली फिरवली, गियर टाकला, आणि तुरीच्या बाजूनं, चिंचेला वळसा घालून, जीप परत माझ्यासमोर आणून उभी केली. तार ओढून इंजिन बंद केलं. एकदासुद्धा झटका नाही. मी अजून झटका देतो.

मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, संदीप होस्टेलला गेला तवापासून. आधी वस्तीच्या आत, मग फाट्यापर्यंत, दिवस मावळता मावळता, कुणी नसताना. फक्त हॅन्डल तिला मारता येत नव्हतं. सुरू करून द्यायला दरवेळी तुम्ही लागायचात. म्हणून तुमचं ते डिझेल. किल्ली फिरवली की सुरू झाली पाहिजे, माझी वाट बघत बसू नको, असं तुम्ही तिला म्हणायचात म्हणे.

मी म्हणालो, मग तुम्ही दोघांनी मला का सांगितलं नाहीत?

“तू हसला असतास,” ती म्हणाली. “मी ह्यांना म्हणलं होतं, दत्ता ठोकळा बघंल आणि गावभर करंल. तर म्हणले, त्याला हसायला कुणीतरी लागतंच. मलाच हसू दे त्याला. तू शिकून घे.”

मी बंपरवर बसलो. मला रडू आलं, दाजी. उगीच लपवत नाही. तुमच्या अंत्यविधीला मी सगळी धावपळ केली, लाकडं आणली, माणसं सांभाळली, डोळ्याला पाणी नव्हतं. बायको म्हणाली होती, तुम्ही दगड आहात. आणि परवा त्या बाभळीच्या तुकड्यापायी अक्कासमोर पोरासारखा रडलो. ती म्हणाली, ऊठ, बंपर तापलंय.

दाजी, हे काही बरं केलं नाहीत. तुमचे पाय चांगले पोचत होते. बिनठोकळ्याचं तुम्ही ऐटीत बसून चालवलं असतंत. एवढी वर्षं वाकडं बसून, गुडघा घासून घेऊन, वर माझी फालतू थट्टा ऐकून घेतलीत, आणि वर मलाच सांगायचात, देवानं पाय आखूड दिले! एकदा तरी कानात सांगायचं होतं. मी हसलो असतो, हे खरं. पण नंतर गप्प बसलो असतो. बसलो असतो का? तुम्हाला माझा भरवसा नव्हता, आणि तुमचं बरोबर होतं, ह्याचाच मला जास्त राग येतो.

संदीपला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, आईला म्हणावं सावकाश चालव. बॅग माळ्यावर गेली. जुनं पेट्रोल इंजिन मी गोणपाटात गुंडाळून माझ्या दुकानात ठेवलंय. कुणाला देणार नाही, आणि परत घालणारही नाही.

बॅनरवर नुसतं तुमचं नाव छापा म्हणून सांगितलंय. फोटो जीपमधला आहे, बसलेला. उंची कळत नाही.

आता थोड्या दिवसांनी देव नळदुर्गला यायला निघेल, म्हणजे माझी पाळी येईल. या वेळी मी ती घेत नाही. जीप वस्तीवरच राहील. अक्काला लायसन काढून द्यायचं माझ्याकडं लागलं. ते हातात पडेपर्यंत तिला बाजाराला आणि देवळात नेणं-आणणं मी करीन. तेवढ्यासाठी ठोकळा काढणार नाही, हा शब्द देतो. माझा गुडघा तर तुमच्याहून जास्त लागेल, लागू दे. नळदुर्गच्या चौकात कुणी हसलं, एवढा लांबलचक माणूस आणि ठोकळा कशाला लावलास म्हणून विचारलं, तर सांगीन, काय करता, देवानं पाय आखूड दिले.

तुमचाच मेव्हणा,
दत्ता
अणदूर